फुटबॉल महासंघा, दोष पायांचा नाही

प्रति,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
फुटबॉल हाऊस, द्वारका, नवी दिल्ली.

विषय : भारतीय संघाच्या पराभवातला आपला वाटा.

महाशय,

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात भारत बांगलादेशकडून १-० असा हरला. बांगलादेशकडून हरण्याची ही बावीस वर्षांतली पहिली वेळ. त्याच तारखेला किंग्स्टनमध्ये क्युरासाव नावाच्या बेटाने जमैकाला गोलशून्य बरोबरीत रोखलं आणि २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. क्युरासावची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर. आमच्या चंद्रपूर शहरात २०११ च्या जनगणनेत याच्या दुप्पट माणसं होती. केप वर्दे हा दुसरा नवखा देश, त्याची लोकसंख्या सव्वापाच लाख. एकट्या गडचिरोली जिल्ह्याच्या निम्म्याने. म्हणजे आमच्या एका जंगलजिल्ह्यातून दोन केप वर्दे उभे राहतील, आणि तुम्ही दीडशे कोटींच्या देशातून विश्वचषकाच्या पात्रतेची तिसरी फेरी गाठू शकत नाही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. क्युरासावचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये वाढलेले आहेत, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मग उझबेकिस्तान घ्या. तो देश १९९१ साली स्वतंत्र झाला. तुमची स्थापना १९३७ ची. उझबेकिस्तानने आधी कुमारांचे संघ घडवले, २०२३ मध्ये वीस वर्षांखालचा आशियाई चषक जिंकला, २०२५ मध्ये सतरा वर्षांखालचा जिंकला, आणि त्याच वर्षी मोठ्यांचा संघ विश्वचषकाला पात्र ठरला. तुमच्यापेक्षा चोपन्न वर्षांनी कामाला लागलेला देश तुमच्या डोळ्यांदेखत पुढे गेला. तुम्ही तोवर काय करत होतात, हे विचारायला हे पत्र आहे.

माझी नोकरी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती-कोरपन्याच्या माणिकगड डोंगरातल्या पोरांना मी खेळताना पाहिलं आहे. त्यामुळे आपल्या देशात गुण नाहीत, शरीरं नाहीत, आवड नाही, ही भाषा माझ्यासमोर चालणार नाही. ती भाषा तुमच्या फार सोयीची आहे. हरलं की खेळाडूंकडे बोट दाखवायचं, ही तुमची सवय पंचाहत्तर वर्षं जुनी आहे आणि तिची सुरुवात १९५० मध्ये झाली.

त्या वर्षी ब्राझीलच्या विश्वचषकासाठी भारत पात्र ठरला होता. आशियातल्या इतर संघांनी माघार घेतल्याने जागा आपसूक चालून आली. गट ठरला : स्वीडन, इटली, पॅराग्वे आणि भारत. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला यजमान तयार होते. तुम्ही गेला नाहीत. आणि मग पिढ्यान् पिढ्या देशभर एक गोष्ट फिरत राहिली, की आपली पोरं अनवाणी खेळायची, फिफाने बूट सक्तीचे केले, म्हणून संघ गेला नाही. आजही चहाच्या टपरीवर ही गोष्ट कुणीतरी छाती फुगवून सांगतं. शैलेन मन्ना त्या संघाचे कर्णधार झाले असते. त्यांनी पुढे स्पष्ट सांगितलं होतं, की आम्हाला विश्वचषकाचं महत्त्वच कळलं नव्हतं, ऑलिंपिक म्हणजेच सर्वस्व वाटायचं. मोल कळलं नाही ते संघटनेला, आणि जगभर नाव झालं ते पोरांच्या उघड्या पायांचं. तुम्ही ती गोष्ट मनापासून खोडून काढल्याचं मला आठवत नाही. खोडणार कशी? ती खोडली तर दोष तुमच्या टेबलावर येतो.

ते उघडे पाय काय करू शकत होते, हे दोन वर्षं आधीच दिसलं होतं. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाने फ्रान्सला अखेरच्या मिनिटांपर्यंत झुंजवलं. बहुतेक खेळाडू अनवाणी. सामना २-१ असा गेला, तोही आपल्याकडून दोन पेनल्टी वाया गेल्यावर. सारंगपाणी रामन यांचा गोल हा स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधला पहिला फुटबॉल गोल. कर्णधार होते नागा टेकड्यांतले तालिमेरेन आओ, पुढे डॉक्टर झालेले. डोंगरातल्या गावचा माणूस स्वतंत्र देशाचा पहिला कर्णधार. महाशय, ही निवड तुमच्याच काळातली. डोंगरात खेळाडू असतात, हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

१९५१ मध्ये दिल्लीत इराणला हरवून आशियाई सुवर्ण, १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ असं लोळवताना नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. मूळचे गोव्याचे, खेळले मुंबईत. १९६० मध्ये रोममध्ये पुन्हा फ्रान्स, यावेळी १-१ अशी बरोबरी. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून दुसरं आशियाई सुवर्ण.

या सगळ्यामागे एक माणूस होता : हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. ते पोरांना डाव्या पायाने खेळायला लावत, एका स्पर्शात चेंडू सोडायला शिकवत, आणि एकेका गल्लीतून खेळाडू उचलत. जकार्ताच्या वेळी कर्करोग त्यांना आतून खात होता. जून १९६३ मध्ये ते गेले. महासंघा, एका मास्तरच्या अंगातल्या जिद्दीवर तुमची बारा-तेरा वर्षं निघाली. त्यानंतर तुम्ही दुसरा रहीम शोधला नाहीत, आणि मास्तर लोकांना जवळ करायचंही सोडून दिलंत. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतलं कांस्य हे त्या जुन्या पुण्याईचं शेवटचं पदक. ते मिळालं तेव्हा जन्मलेलं मूल आज आजोबा झालं असेल.

अलीकडची कामगिरी तर तुम्ही स्वतःच विसरू पाहाल, म्हणून लिहून देतो. जुलै २०२३ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत ९९ वा होता. आंतरखंडीय चषक जिंकला होता, कुवेतला हरवून दक्षिण आशियाई करंडक जिंकला होता. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई चषकात गेलो : तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत, आपल्या मैदानावर, अफगाणिस्तानकडून हरलो. अफगाणिस्तान! त्या देशाच्या खेळाडूंना घरच्या मैदानावर सामना खेळायची सोय नाही. जूनमध्ये सुनील छेत्री निवृत्त झाले आणि पुढच्या मार्चमध्ये तुम्ही त्यांना वयाच्या चाळिशीत परत बोलावलंत. दीडशे कोटींत गोल मारणारा दुसरा माणूस तुम्हाला सापडला नव्हता. छेत्रींचा यात काडीचाही दोष नाही. ते आले, मालदीवविरुद्ध गोल करून गेले. लाज वाटायला हवी होती ती बोलावणाऱ्याला. जून २०२५ मध्ये हाँगकाँग, ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूर, नोव्हेंबरमध्ये ढाका, तिन्ही पराभव. २०२७ चा आशियाई चषक हातचा गेला, क्रमांक १४२ वर आला. मधले प्रशिक्षक मानोलो मार्केझ हे एकाच वेळी गोव्याच्या क्लबचेही प्रशिक्षक होते. देशाचा संघ तुम्ही जोडधंदा म्हणून चालवायला दिलात. आठ सामन्यांत एक विजय आला.

आणि ज्योतिषी! २०२२ मध्ये संघाला चांगले दिवस यावेत म्हणून एका ज्योतिष संस्थेला सोळा लाख रुपये दिल्याच्या बातम्या वृत्तसंस्थांनी दिल्या. सोळा लाखांत किती फुटबॉल येतात, याचा हिशेब गावातलं सातवीचं पोर तुम्हाला करून देईल. तुम्ही खेळाडूंच्या पत्रिका पाहिल्यात. देशाचा नकाशा उघडून पाहिला असता, तर त्यात जिवती दिसली असती, एटापल्ली दिसली असती, कोरची दिसली असती.

कोरचीचं नाव मुद्दाम घेतलं. गडचिरोलीचा हा तालुका गोंदिया जिल्ह्याला लागून आहे, आणि गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून २०२२ पर्यंत तुमचे अध्यक्ष होते. २०१९ मध्ये ते फिफाच्या परिषदेवर निवडून गेले. पूर्व विदर्भातला माणूस भारतीय फुटबॉलच्या सर्वोच्च खुर्चीवर तेरा वर्षं बसला, याचा या भागाला फायदा व्हायला हवा होता. गोंदियाहून झुरिचपर्यंत वाट निघाली. गोंदियाहून कोरचीपर्यंत का निघाली नाही, हा प्रश्न मी त्यांना आणि तुम्हाला, दोघांनाही विचारतो. त्यांच्या समितीची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली होती, निवडणूक झाली नव्हती, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती समिती हटवावी लागली. ऑगस्टमध्ये फिफाने भारताला निलंबित केलं, अकरा दिवसांनी निलंबन उठलं. सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली. एका बाजूला देशासाठी वर्षानुवर्षं खेळलेला भायचुंग भुतिया, दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे. मतं पडली चौबेंना ३३, भुतियाला १. राज्य संघटनांच्या तेहतीस मतदारांनी देशाच्या माजी कर्णधाराबद्दल काय मत दिलं, ते त्या आकड्यात लिहिलेलं आहे. मला त्याहून अधिक काही म्हणायचं नाही.

पैसा नव्हता, असंही म्हणू नका. २०१० मध्ये तुम्ही पंधरा वर्षांसाठी व्यावसायिक हक्क विकलेत, सातशे कोटी रुपयांना. त्यातून इंडियन सुपर लीग उभी राहिली : झगमगाट, सिनेनट, परदेशी पाहुणे. गोल मारायच्या जागेवर बहुतेक संघांनी परदेशी खेळाडू उभे केले आणि भारतीय पोरं कडेला धावत राहिली. मग करार संपत आला, नवा होईना, जुलै २०२५ मध्ये लीगच थांबली, आणि बेंगळुरूसारख्या क्लबने खेळाडूंचे पगार रोखले. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे तुम्हाला पंधरा वर्षं आधीपासून माहीत होतं. तारीख तुमच्याच सहीखाली होती.

आमच्या झाडीपट्टीत पाऊस पडला की शेतकरी आधी पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकतो आणि मग रोवणी करतो. पऱ्हे न टाकता बांधावर रोवणीच्या बाया बोलावणारा माणूस गावात टिकत नाही. तुम्ही नेमकं तेच केलंत. वरची लीग आणली, खालचं काही पेरलंच नाही.

खालचं म्हणजे काय, ते दिल्लीत बसून दिसत नसेल, तर आमच्या जिल्ह्यातल्या एका पोराचं वर्ष सांगतो. जिवती तालुक्यातल्या आश्रमशाळेतला तेरा-चौदा वर्षांचा पोट्टा. गोंड किंवा कोलाम घरातला. पाय वाऱ्यासारखे. जुलै-ऑगस्टच्या पावसात जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या सुब्रतो चषकाच्या स्पर्धा लागतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. पद्धत बाद फेरीची. शाळेचा संघ एसटीने चंद्रपूरला येतो, चिखलात एक सामना खेळतो. समोर शहरातली शाळा असते, तिच्याकडे बूट असतात, वर्षभराचा सराव असतो. हरलं की संपलं. त्याच संध्याकाळी परतीची एसटी, आणि पुढचा सामना पुढच्या जुलैत. एक सामना, एक वर्ष! युरोपातलं त्याच वयाचं पोर मोसमभर दर आठवड्याला सामना खेळतं. आमचा पोट्टा चौदाव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत चार सामने खेळतो आणि मग बांधकामावर जातो. तुम्ही त्याला पाहणार कधी? आणि लक्षात घ्या, सुब्रतो चषकही तुमचा नाही, तो हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० पासून चालू आहे. म्हणजे आमच्या पोराला जो एक सामना मिळतो, तोसुद्धा तुमच्या कृपेने मिळत नाही.

तुमच्या वयोगटाच्या लीग आहेत, हे मला ठाऊक आहे. तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालच्या. पण त्यात उतरायला तुमचं मानांकन मिळवलेली अकादमी लागते. अकादमीला मैदान लागतं, परवानाधारक प्रशिक्षक लागतात, कागदपत्रं लागतात, फीचे पैसे भरणारे पालक लागतात. माणिकगडच्या डोंगरात ही चारही मिळणार नाहीत. तिथे मुलं आहेत. फक्त मुलं. तुमच्या नियमावलीत नेमका त्यांचाच रकाना नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात भरायचा होता तेव्हा, महाराष्ट्र शासनाने एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावायचा कार्यक्रम केला. शाळाशाळांत चेंडू पोचले. पोरांनी तो दिवस जीव तोडून खेळून काढला. शासनाने त्याचं काम केलं, चेंडू दिला. दुसऱ्या दिवशीपासूनचं काम तुमचं होतं : पंच, वेळापत्रक, तालुक्याची लीग, गुणवान पोराचं नाव लिहून घेणारी वही. ते काम कुठे झालं, ते दाखवा.

या पोरांत दम आहे का, अशी शंका कुणाला असेल, तर मे २०१८ आठवा. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाच्या ‘मिशन शौर्य’मधून देवाडा आणि जिवतीच्या आश्रमशाळांतली पाच मुलं एव्हरेस्टच्या शिखरावर उभी राहिली. आयुष्यात बर्फ न पाहिलेली, ४७ अंशांच्या उन्हात वाढलेली पोरं. कुणीतरी आश्रमशाळांत गेलं, मुलं निवडली, दार्जिलिंगला आणि लडाखला नेऊन सराव दिला, खाऊ घातलं, आणि वर्षभरात ती जगाच्या माथ्यावर पोचली. हे सरकारी खात्यांनी करून दाखवलं, ज्यांना आपण ऊठसूट शिव्या देतो. त्या मुलांच्या फुप्फुसांत जो दम आहे, तोच नव्वद मिनिटांच्या सामन्यात लागतो. तुमच्यातलं कुणी त्या शाळांकडे फिरकलं का, की एव्हरेस्टपेक्षा जिवती तुम्हाला उंच वाटली?

मैदानांची सबबही पुरेशी नाही. बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली, देशभरातली मुलं येऊन धावून गेली. कोळसा खाणींच्या वसाहतींत मोकळ्या जागा आहेत. भामरागड-एटापल्लीत गडचिरोली पोलीस व्हॉलीबॉल आणि कबड्डीच्या स्पर्धा भरवतात, आणि आडगावची पोरं मैलोन् मैल चालत त्या खेळायला येतात. ज्यांच्या अंगावर बंदुकीची जबाबदारी आहे, त्यांना स्पर्धा भरवायला वेळ मिळतो. तुमचं तर दुसरं कामच नाही.

गुमल्याचं उदाहरण देतो, कारण गुमला आणि गडचिरोली यांत फार फरक नाही. तशीच जंगलं, तीच गरिबी. झारखंडच्या त्या जिल्ह्यातली अष्टम उरांव २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती. संघ तिन्ही सामने हरला, अमेरिकेने आठ गोल घातले, ते मी लपवत नाही. पण तिथे मुली दिसल्या, कारण तिथे शोधणारे होते. मुलींच्याच बाबतीत सांगायचं, तर भारताच्या महिला संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशियाई चषक गाठला. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. पुरुषांपेक्षा कमी सामने आणि कमी कौतुक मिळत असताना. याच महिलांचा संघ २००९ मध्ये सामनेच न भरवल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून बाहेर पडला होता. सामने भरवणं कुणाचं काम, हे वेगळं लिहायची गरज नाही.

आता तुम्ही परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंकडे आशेने पाहता आहात. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं पारपत्र सोडून भारताचं घेतलं, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. देशासाठी एवढं सोडणारा माणूस आपलाच. पण पर्थपर्यंत पोचलेली तुमची नजर जिवतीच्या वाटेवरच्या राजुऱ्यापुढे का जात नाही? जिवतीच्या पोराला तर पारपत्र बदलावं लागत नाही. तो जन्माने भारतीय आहे. त्याला फक्त वर्षाला वीस सामने हवे आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये तुम्ही २०४७ पर्यंतचा आराखडा जाहीर केलात : आशियातल्या पहिल्या चार संघांत भारत. आराखड्याचा पहिला टप्पा २०२६ चा. पहिल्या तीन वर्षांत तुम्ही ९९ वरून १४२ वर गेलात. २०४७ मध्ये जो संघ खेळेल, त्यातले बरेच जण अजून जन्मायचे आहेत. त्यांचे प्रशिक्षक मात्र आज चौदा वर्षांचे आहेत आणि त्यांचा या वर्षीचा एकुलता एक सामना खेळून झाला आहे.

म्हणून चार गोष्टी मागतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीत पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींची, शाळांची, तालुकावार साखळी लीग सुरू करा. बाद फेरी नको, प्रत्येक संघाला किमान पंधरा-वीस सामने मिळालेच पाहिजेत. आश्रमशाळांना अकादमीच्या मानांकनाची अट लावू नका. प्रशिक्षकांचा प्राथमिक परवाना देणारे वर्ग चंद्रपूरला घ्या, मराठीत घ्या, गोंडी बोलणारा एखादा मास्तर सोबत ठेवा आणि फी घेऊ नका. आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात गेल्या वर्षी वयोगटाचे किती सामने झाले, त्यांवर किती पैसे खर्च झाले, याची यादी प्रसिद्ध करा. संतोष करंडक चार वेळा जिंकलेलं हे राज्य १९९९-२००० नंतर तो पुन्हा का जिंकू शकलं नाही, याचं उत्तर त्या यादीत मिळेल.

ती यादी मला पाठवा. यादीत चंद्रपूर आणि गडचिरोलीपुढे शून्य असेल, तर तेही छापून पाठवा. मी ते जिवतीच्या शाळेच्या फळ्यावर तुमच्या नावासकट लावीन. ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ एवढंच लिहायचं असेल, तर टपालखर्च वाचवा आणि त्या पैशांत एक चेंडू पाठवा.

आपला,
चंद्रपूर जिल्ह्यातला एक शारीरिक शिक्षणाचा शिक्षक